मोटार डोलू लागली म्हणजे

दसऱ्याच्या सकाळी आपल्याकडे शस्त्रांबरोबर यंत्रांचीही पूजा होते, आणि मध्यमवर्गीय घरातले सर्वांत मोठे यंत्र म्हणजे दारात उभी असलेली मोटार. तिला आंघोळ घडते, बॉनेटवर हळदीकुंकवाचे स्वस्तिक उमटते, पुढच्या जाळीला झेंडूची माळ बांधली जाते आणि चाकाशी नारळ फुटतो. पुढे वीस दिवसांनी दिवाळी येते. मुलांना सुट्टी लागते, चिवड्या-चकल्यांचे डबे भरले जातात, आणि घरची सगळी मंडळी त्याच मोटारीत दाटीवाटीने बसून कोकणात, कोल्हापूरला, नाहीतर आजोळी निघतात. निघण्यापूर्वी गाडी चालवणारे माणूस पेट्रोल बघते, चाकांतली हवा बघते, फार काळजीवाहू असले तर इंजिनचे तेलही बघते. पण चारही चाकांच्या आतल्या बाजूला, चिखलाने माखलेल्या अंधारात, हातभर लांबीच्या चार नळ्या उभ्या असतात; त्यांच्याकडे वाकून पाहण्याची आठवण सहसा कोणाला होत नाही.

या नळ्यांना शॉक अॅब्सॉर्बर म्हणतात. शब्दकोश चाळणारी आमच्यासारखी मंडळी 'धक्काशोषक' म्हणतील; गॅरेजमधला पोऱ्या 'शॉकअप' म्हणून मोकळा होतो, आणि व्यवहारात त्याचाच शब्द चालतो. बॅटरी बसली तर गाडी सुरूच होत नाही, टायर बसला तर गाडी लंगडते. शॉकअप मात्र अबोल नोकरासारखे असतात. ते एका दिवसात काम सोडत नाहीत. दर महिन्याला थोडे थोडे कमी करतात, आणि रोज चालवणाऱ्याला त्या कमतरतेची सवय होत जाते. चष्म्याचा नंबर वाढत जातो तसेच हे. आपल्याला स्वच्छ दिसत नाही हे चष्मा बदलल्यावरच कळते. फरक इतकाच, की चष्म्याचा नंबर वाढला तर वर्तमानपत्र डोळ्यांजवळ धरता येते. घाटात, पावसात, समोर एकाएकी ट्रक उभा राहिला असता रस्ता काही जवळ किंवा लांब धरता येत नाही. म्हणूनच या विषयावर दिवाळी अंकातली चार पाने खर्ची घालायला हरकत नाही.

नाव एक, काम दुसरे

प्रथम या वस्तूच्या नावाचाच घोटाळा दूर करू. धक्का झेलण्याचे मुख्य काम शॉक अॅब्सॉर्बर करीतच नाही. ते काम स्प्रिंगचे. खड्ड्यात चाक आदळते तेव्हा स्प्रिंग दबते आणि तो दणका स्वतःत साठवून घेते. गाडीचे वजनही स्प्रिंगच पेलते. पण स्प्रिंगचा स्वभाव असा, की घेतलेले ती परत केल्याशिवाय राहत नाही. दबलेली स्प्रिंग उसळते, उसळलेली पुन्हा दबते, आणि तिला कोणी आवरले नाही तर हा खेळ बराच वेळ चालू राहतो.

घरातला झोपाळा डोळ्यांसमोर आणा. एकदा जोराने झोका दिला की तो आपोआप लगेच थांबत नाही. बसणाऱ्याने जमिनीला पाय घासला म्हणजे दोन झोक्यांत शांत होतो. मोटारीच्या स्प्रिंगच्या झोक्याला पाय घासणारा जो कोणी आहे, तोच हा शॉक अॅब्सॉर्बर. इंग्लंडात त्याला 'डॅम्पर' म्हणतात. मराठीत 'दमन' हा शब्द आहेच. दोन्हींत नाते नाही, नुसता उच्चाराचा योगायोग आहे. पण उसळत्या स्प्रिंगचे दमन करणारा तो डॅम्पर, असे ध्यानात ठेवले तर त्याचे काम विसरणार नाही.

आतली रचना रंगपंचमीच्या पिचकारीसारखी आहे. नळीत तेल असते. त्या तेलातून एक दट्ट्या वरखाली होतो आणि त्या दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. चाक वर उचलले गेले की दट्ट्या तेलात घुसतो, आणि तेलाला त्या बारीक वाटांतून निघावे लागते. पिचकारीचे तोंड जितके लहान, तितका दांडा दाबायला जोर जास्त लागतो, हे आपण लहानपणी अनुभवले आहे. त्या विरोधात स्प्रिंगची उसळी जिरते आणि तिची उष्णता होते. म्हणूनच खराब रस्त्यावरून बराच वेळ धावलेल्या गाडीचे शॉकअप गरम झालेले असतात. बहुतेक गाड्यांत दबतानाच्या विरोधापेक्षा उसळतानाचा विरोध जास्त ठेवलेला असतो. कारण दबू दिले तर धक्का कमी लागतो, पण उसळू दिले तर गाडी ताब्यात राहत नाही. हल्लीच्या पुष्कळशा शॉकअपमध्ये तेलाबरोबर नायट्रोजन वायूही दाबाने भरलेला असतो. एकसारख्या घुसळणीने तेलाला फेस येतो, आणि फेसाळलेल्या तेलातून दट्ट्या सहज निसटतो. वायूचा दाब त्या फेसाला आवर घालतो.

जुन्या वाहनांचे कसे भागत होते, असा प्रश्न एखाद्या आजोबांच्या मनात येईल. टांग्याला आणि व्हिक्टोरियाला पोलादी पट्ट्यांच्या कमानी असत. आपण त्यांना 'पाटे' म्हणतो. या पाट्यांची एक गंमत आहे. गाडी हलली की एक पट्टी दुसरीवर घासते, आणि त्या घर्षणातच उसळीचा काही भाग जिरतो. म्हणजे पाट्यांमध्ये स्प्रिंग आणि दमन दोन्ही थोडेथोडे एकत्र नांदत होते. वेटोळ्याच्या स्प्रिंगमध्ये असे घासणे जवळजवळ नाहीच. तिची उसळी जिरवायला दुसरा कोणी हवाच. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या आपल्या दोन जुन्या ओळखीच्या गाड्यांना मागे पाटे होते. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, आणि मुंबईची अखेरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. आज दारात उभ्या असलेल्या बहुतेक मोटारींना पुढे-मागे वेटोळ्याच्याच स्प्रिंगा असतात. त्यामुळे शॉकअपवरची जबाबदारी वाढलेली आहे.

स्ट्रट म्हणजे काय?

गॅरेजात गेले की 'पुढचे स्ट्रट गेलेत' असे कानावर पडते. स्ट्रट म्हणजे टेकू. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना पुढे आणली, आणि फोर्डच्या इंग्लंडमधल्या गाड्यांतून १९५० च्या दशकाच्या आरंभी ती सर्वतोमुखी झाली. तिच्यात स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांचा एकच खांब केलेला असतो, आणि हा खांबच चाकाला जागेवर उभे धरतो. स्टीअरिंग वळवले की पुढचे चाक या खांबाभोवतीच फिरते. सुटे भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. लहान गाडीला याहून सोयीचे काय असणार? डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ला पुढे हेच स्ट्रट होते, आणि आपल्याकडच्या लहान-मध्यम मोटारींत पुढच्या बाजूला आजही बहुधा तेच असतात.

यातला व्यवहाराचा मुद्दा असा: साधा शॉकअप झिजला तर गाडी डुलते. स्ट्रट झिजला, वाकला किंवा त्याच्या डोक्यावरचे रबरी बैठकीचे टोपण फुटले, तर गाडी डुलतेच, शिवाय चाकाचा कोनही बिघडतो आणि स्टीअरिंगवर परिणाम होतो. खांब एकदा हलला की त्यावर टेकलेले सगळेच हलते.

चार तळहातांचा आधार

आता यात जिवाचा प्रश्न कुठे आला, ते पाहू. मोटार कितीही मोठी असली तरी रस्त्याला तिचा स्पर्श होतो तो फक्त चार जागी, आणि लहान मोटारीच्या बाबतीत ही प्रत्येक जागा माणसाच्या तळहाताएवढी असते. घरातली पाच माणसे, त्यांचे सामान आणि गाडीचे सारे वजन या चार तळहातांवर धावत असते. ब्रेक लागतो तो चाकाला. गाडी थांबते ती चाकाने रस्ता धरून ठेवल्यामुळे. चाक अधांतरी उडत असेल तर ब्रेक कितीही नवे असोत, ते थांबवणार कोणाला?

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. खडबडीत रस्त्यावर मोकाट सुटलेले चाक एका सेकंदात दहा-पंधरा वेळा उडी मारू शकते. डोळ्यांना ते दिसत नाही, आत बसलेल्याला फार तर थरथर जाणवते. पण त्या प्रत्येक उडीत रस्त्यावरची पकड ढिली होते. गाडीचे अंग मात्र याहून संथ, सेकंदाला एक-दीड वेळ वरखाली होते. माणसाच्या चालण्याच्या तालाच्या ते जवळपास आहे. शॉकअपला या दोन्ही तालांना आवरायचे असते. तो थकला की थांबायला लागणारे अंतर वाढते, वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला अधिक कलते, आणि ओल्या रस्त्यावर घसरण्याची भीती वाढते.

'आमच्या गाडीला एबीएस आहे' असे काही मंडळी अभिमानाने सांगतात. ती सोय फार चांगली आहे यात शंका नाही. पण चाक जाम होऊ लागले की क्षणभर ब्रेक सैल करायचा, एवढेच तिचे काम. रस्त्यावरून उडालेले चाक ब्रेक लागताच चटकन जाम होते. मग ही यंत्रणा पुन्हा पुन्हा ब्रेक सैल करीत राहते, आणि गाडी पुढे जात राहते. हुशार कारकून असला तरी खाली शिपाईच हजर नसेल तर फाइल हलणार कशी?

ओळखायचे कसे?

पहिली खूण आसनावर बसल्या बसल्या मिळते. नेहमीच्या रस्त्यावरचा नेहमीचा गतिरोधक ओलांडताना लक्ष द्या. गाडी एकदा वर जाऊन खाली यावी आणि बसावी. ओलांडून गेल्यावरही ती दोन-तीन वेळा होडीसारखी हेलकावत राहिली, तर समजावे की झोपाळ्याला पाय घासणारा दमला आहे. ब्रेक दाबताच नाक खाली खुपसणे, एकदम वेग घेताना मागची बाजू खाली बसणे, पुलाच्या सांध्यांवर गाडीने बाजूला सरकणे, उघड्या महामार्गावर वाऱ्याच्या किंवा शेजारून गेलेल्या ट्रकच्या झोताने भलतीच हलणे, या सगळ्या त्याच कुळातल्या खुणा. रात्री पुढच्या दिव्यांचा झोत सपाट रस्त्यावरही नाचत असेल तर तीही एक साक्ष समजावी.

मागच्या आसनावरच्या मंडळींचे म्हणणेही ऐकावे. चालवणाऱ्याच्या हाती चक्र असते, त्यामुळे त्याला हेलकावा आधीच कळतो आणि अंग सावरले जाते. मागे बसलेल्या आजीला तो अचानक लागतो. 'हल्ली तुझ्या गाडीत फार हिंदकळायला होतं रे' असे ती म्हणाली, तर तिच्या वयाकडे बोट दाखवण्यापूर्वी गाडीच्या वयाकडे पाहावे. खड्ड्यातून जाताना 'खट्' किंवा 'धप्' असा आवाज येणे, उभ्या गाडीचे स्टीअरिंग वळवताना पुढच्या बाजूने कुरकुर किंवा टणत्कार ऐकू येणे, ही स्ट्रटच्या वरच्या बैठकीची किंवा तिथल्या बेअरिंगची तक्रार असू शकते.

दुसरी तपासणी डोळ्यांची. सपाट जागी गाडी उभी करावी, हातब्रेक ओढावा, इंजिन बंद करावे आणि विजेरी घेऊन चाकाच्या मागे पाहावे. पुढची चाके एका बाजूला पूर्ण वळवली की पुढचे स्ट्रट चांगले दिसतात. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र डोके घालू नये. त्यासाठी गॅरेज आहे. नळीच्या वरच्या टोकाशी तेलाचा पुसटसा ओलावा आणि त्यावर धूळ बसलेली दिसली तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. पण तेलाचे ओघळ नळीवरून खाली आलेले असतील, नळी चिकट काळी झाली असेल, तर आतले सील गेले असे समजावे. तेल बाहेर गेले की पिचकारी रिकामी झाली. नळीला पोचा आला आहे का, चकचकीत दांड्यावर गंज किंवा ओरखडे आहेत का, टोकांच्या रबरी बुशांना भेगा गेल्या आहेत का, तेही पाहावे. गंजलेला दांडा करवतीसारखा सील कापीत राहतो.

तिसरी तपासणी हाताच्या तळव्याची. टायरच्या नक्षीवरून तळवा हळूच फिरवावा. तारा बाहेर आलेल्या नाहीत ना, हे आधी पाहून. टायरच्या घेरावर ठिकठिकाणी खोलगट वाट्या पडल्यासारख्या लागल्या, तर चाक रस्त्यावर धावत नसून टप्पे घेत आहे, असा त्याचा अर्थ निघतो. चाकाचे बॅलन्सिंग बिघडले तरीही अशा वाट्या पडतात, म्हणून दोन्ही तपासून घ्यावे.

चौथी परीक्षा सर्वांना ठाऊक असलेली. गाडीच्या एका कोपऱ्यावर, पत्र्याच्या भक्कम जागी, दोन्ही हातांनी भार देऊन तीन-चार वेळा दाबायचे आणि खालच्या टोकाला असताना सोडून द्यायचे. गाडी वर येऊन जागेवर बसली तर बरे. पुढेही नाचत राहिली तर त्या कोपऱ्याचा शॉकअप गेला. मात्र या परीक्षेची मर्यादा ओळखली पाहिजे. ती मेलेला शॉकअप दाखवते, आजारी दाखवीलच असे नाही. हाताने आपण गाडी संथपणे हलवतो. रस्ता तिला फार वेगाने हलवतो. त्यातून हल्लीच्या कित्येक गाड्यांच्या स्प्रिंगा इतक्या ताठ असतात की हाताच्या जोराने त्या फारशा दबतच नाहीत. म्हणून या परीक्षेत नापास झालेला नक्की नापास; पास झालेल्याची तोंडी परीक्षा बाकीच आहे, असे समजावे.

जाणते मिस्त्री आणखी एक युक्ती करतात. खराब रस्त्यावरून पाच-सात किलोमीटर गाडी नेऊन आणली, की ते चारही शॉकअपजवळ हात नेऊन पाहतात. काम करणारा ऊन लागतो. तीन ऊन आणि एक गार असला, तर त्या गार गड्याने सगळा वेळ विश्रांती घेतली हे उघड आहे. ही युक्ती घरी करणाऱ्याने जपून करावी. शेजारचा ब्रेक आणि धुराची नळी त्या वेळी चटका देण्याइतकी तापलेली असते.

चोर सोडून संन्याशाला फाशी

आमच्या महाविद्यालयातल्या अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांची गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्यांची गाडी पुढचे टायर खात असे. त्यांनी एकदा टायर बदलले, दीड वर्षाने पुन्हा बदलले, आणि दुकानदाराने माल निकृष्ट दिला असा निष्कर्ष काढून तिसऱ्या वेळी दुकान बदलले. तिथे टायर बसवणाऱ्या वयस्क मिस्त्रींनी जुन्या टायरवरून हात फिरवला आणि म्हटले, "साहेब, टायर कितीही बदला. शॉकअप गेलेत तोवर गाडी असेच टायर खाणार." दोन स्ट्रट बदलले, चाकांचे अलाइनमेंट झाले, आणि टायर खाणे थांबले. हिशेब मांडल्यावर असे दिसले, की वाया गेलेल्या टायरांच्या पैशात पुढचे स्ट्रट सहज आले असते. "मागणी-पुरवठ्याचा सिद्धांत शिकवतो खरा," ते म्हणाले, "पण मागणी कशाची आहे ते गाडीने दोन वर्षे सांगून पाहिलं."

याच्या उलट बाजूही आहे. शॉकअपचे नाव कळले, की प्रत्येक दुखण्याला तेच औषध मागण्याचा मोह होतो. तेही बरोबर नाही. गाडी उभी असतानाच एका बाजूला कललेली असेल तर दोष बहुधा स्प्रिंगचा. वजन शॉकअप पेलत नाही हे वर पाहिलेच. सरळ रस्त्यावर एकाच बाजूला ओढत असेल तर आधी हवा, मग अलाइनमेंट, मग ब्रेक पाहावा. ठरावीक वेगावरच स्टीअरिंग थरथरत असेल तर चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे. टायर फक्त एका कडेने झिजत असेल तर चाकाचा कोन चुकला आहे. मधोमध झिजत असेल तर हवा जास्त आणि दोन्ही कडांनी झिजत असेल तर हवा कमी. खडखडाट नुसत्या झिजलेल्या बुशाचा किंवा लिंकरॉडचाही असतो, आणि तो थोडक्यात भागतो. वैद्याने नाडी पाहावी तसे आधी सगळे पाहावे.

गॅरेजच्या दारात

आपण अडाणी आहोत असे गॅरेजवाल्याला वाटू नये म्हणून पुष्कळ सुशिक्षित माणसे काहीच विचारत नाहीत, आणि नेमके तिथेच फसतात. विचारावे. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत: पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी एका पायात नवा बूट आणि दुसऱ्यात झिजलेली चप्पल घातल्यासारखी चालते, आणि ब्रेक लावताना हा फरक धोक्याचा ठरतो. स्ट्रट बदलताना वरची बैठक, बेअरिंग, धूळरोधक रबर आणि आतला रबरी ठोकळा पाहून घ्यावा. स्ट्रट उतरवण्याची मजुरी एकदा देऊन झाली की ते किरकोळ सामान बदलायला वेगळी मजुरी पडत नाही. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावेच.

काढलेले जुने शॉकअप दाखवायला सांगावे. चांगल्या साध्या शॉकअपचा दांडा ओढताना आणि दाबताना सारखा, जड विरोध करतो; गेलेला सुरुवातीला पोकळ लागतो किंवा भसकन आत जातो. नवीन म्हणून बसवला जाणारा माल बंद खोक्यातून, बनवणाऱ्याच्या नावानिशी आला पाहिजे. जुन्या नळीत तेल भरून वर काळा रंग मारलेला माल स्वस्त मिळतो. रंगाने शॉकअप तरुण होत नाही. हा माल मिळतच नाही अशी अडचणही नाही, कारण शॉक अॅब्सॉर्बर आपल्याकडे १९६० च्या दशकापासून तयार होत आले आहेत.

एक गोष्ट मात्र घरी कधीही करू नये. स्ट्रटवरची स्प्रिंग बसवलेल्या स्थितीतही दबलेली असते. तिच्या डोक्यावरचा नट योग्य साधनाने स्प्रिंग आवळल्याशिवाय सोडला, तर ती तोफेसारखी सुटते आणि माणसाचा चेहरा, हात, प्रसंगी जीवही घेऊ शकते. फावल्या वेळातला हौशी कारागीर पंखे आणि इस्त्रीपर्यंतच बरा.

किती किलोमीटरनंतर बदलावेत, या प्रश्नाला एक उत्तर नाही. शॉकअप बनवणाऱ्यांकडून सुमारे ८०,००० किलोमीटरला काटेकोर तपासणी करावी असा सल्ला सर्रास दिला जातो. पण तो गुळगुळीत रस्ता धरून. दर पावसाळ्यात खड्ड्यांतून वाट काढणाऱ्या गाडीने इतकी वाट पाहू नये. दरवर्षी पाऊस संपला की एकदा तपासणी, हा नियम सोपा आणि लक्षात राहण्याजोगा आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर रंग आणि गादीची खोळ पाहण्याआधी वरच्या चारही परीक्षा कराव्यात. टायरवरच्या वाट्या विकणाऱ्याच्या तोंडापेक्षा खरे बोलतात, आणि दोष सापडला तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागता येते.

रस्त्याचा वाटा आणि आपला

यावर कोणी म्हणेल, की शॉकअप बिचारे काय करतील, रस्तेच तसे आहेत. खोटे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली गतिरोधकाचे माप घालून दिले: उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर, म्हणजे चाक हलकेच चढावे आणि हलकेच उतरावे. आपल्या गल्लीतला गतिरोधक या मापाशेजारी ठेवून पाहिला तर पुष्कळ ठिकाणी तो उंबरठाच निघतो. तक्रार जरूर करावी. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत गाडी आपल्यालाच चालवायची आहे.

तेव्हा खड्डा चुकवता येत नसेल तर ब्रेक खड्ड्याच्या आधी लावावा आणि चाक खड्ड्यात जाताना सोडून द्यावा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचे वजन पुढे आलेले असते, पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते, आणि मग दणका थेट नळीवर आणि खांबावर बसतो. गतिरोधकावरून वाकडी गाडी काढण्याची सवयही सोडावी. एकेक चाक वेगवेगळे चढले की गाडीचे अंग पिळवटते. टपावर आणि डिकीत ओझे लादताना कंपनीने दिलेली मर्यादा पाहावी. विजेच्या मोटारी घेणाऱ्यांनी तर हे अधिकच लक्षात ठेवावे. तळाशी असलेल्या बॅटरीमुळे त्या आधीच वजनदार असतात.

आता राहिला सुट्टीच्या प्रवासाचा प्रश्न. निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आदल्या रविवारी, अर्धा तास काढावा. सकाळच्या उजेडात चारही कोपरे दाबून पाहावेत, विजेरीने चारही नळ्या पाहाव्यात, टायरवरून हात फिरवावा, आणि घरच्या एखाद्या जाणत्या माणसाला मागे बसवून गल्लीतल्या गतिरोधकावरून एक फेरी मारावी. दोष निघाला तर दुरुस्तीला आठवडा हाताशी राहतो. आणि गॅरेजवाल्याने दिवाळीच्या गर्दीमुळे 'पाडव्यानंतर या' म्हटले, तर घाटाचा बेत गाडीने करू नये. एसटीची किंवा रेल्वेची तिकिटे काढावीत. फराळाचे डबे मांडीवर घेऊन का होईना, आजोळी भाऊबिजेच्या ओवाळणीला वेळेवर पोहोचता येते. गाडी भाऊबिजेनंतर गॅरेजात जाईल, तिची काही घाई नाही.